दगडफूल, काळा मसाला आणि आमच्या शाखेचा ठराव

आमचा पक्ष लहान आहे. निकालाच्या दिवशी टीव्हीवर मोठ्या पक्षांना रंगीत पट्ट्या मिळतात, आम्ही ‘इतर’मध्ये असतो. माझे मालक होते तेव्हाही ‘इतर’मध्येच होतो. ते गेले, मी राहिले, पक्षही राहिला. काही गोष्टी चिवट असतात.

घणसोली गावात आमच्या शाखेला जागा नाही. बैठक आमच्याच घरात भरते. एक तर आमची पुढची खोली गल्लीत सगळ्यात मोठी आहे, दुसरं म्हणजे इथे चहा मिळतो. पावणे गावातल्या कारखान्यात मी गोळ्यांची पाकिटं भरायला जायचे तेव्हा हीच खोली आम्ही भाड्याने घेतली होती, पुढे विकत घेतली. बैठकीला माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात आणि मी माझ्या खाटेवर, तांदूळ निवडत. मला कोणी मत विचारत नाही. मी देते.

आमचे अध्यक्ष एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले क्लार्क आहेत. माणूस सरळ आहे, पण त्यांना नियम करायचा सोस आहे. कंपनीत दुसऱ्यांचे नियम पाळण्यात जन्म गेला, म्हणून असेल. मागे त्यांनी एक नियम काढला. म्हणाले, “पेपरवाले आपली बातमी छापत नाहीत. चॅनलवाल्यांना आपला पत्ता माहीत नाही. मग आपणच आपला पेपर, आपणच आपलं चॅनल.” म्हणजे काय करायचं, तर पक्षाच्या ग्रुपवर जे येईल ते प्रत्येकाने लगेच आपल्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर ढकलायचं आणि खाली ‘पाठवलं’ असं लिहायचं. संध्याकाळी ते बघणार. ज्याने लिहिलं नाही त्याला फोन. “काय मावशी, मोबाईल बिघडला का?” असं गोड आवाजात, पण फोन येणारच.

माणसांना याची इतकी सवय झाली की काही विचारू नका. आमच्यातला एक रिक्षावाला आहे, शाखेचा खजिनदार. तिजोरीत काही नसल्यामुळे त्याला ते काम जमतं. त्याने एकदा चुकून आपल्या गॅसच्या पुस्तकाचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी कोपरखैरण्याच्या त्याच्या मेव्हण्याचा फोन: “दाजी, तुमच्या गॅसवर काय अन्याय झालाय? आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलंय.”

मी कधीच काही पाठवलं नाही. माझा मोबाईल मुलाने टाकून दिलेला, काचेला तडा गेलेला, त्यात कोण शोधत बसणार ते ग्रुप? चौथीपर्यंत शिकलेय, वाचता-लिहिता चांगलं येतं. मी नुसतं ‘पाठवलं’ लिहायचे आणि तांदळाकडे वळायचे. फोन येत नव्हता, म्हणजे माझं काम चोख होतं.

आता सुनेबद्दल सांगते. सून नांदेडकडची. आम्ही मूळचे महाडकडचे. ती काळा मसाला करते. मिरची, धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, सगळं तेलात खरपूस भाजून. माझ्या माशाच्या कालवणात तो चालत नाही आणि मी घालतही नाही, हे मी तिला पहिल्या वर्षीच सांगून टाकलं. ती म्हणाली, “नका घालू आत्या, घ्यायला लई जण आहेत.” आणि होतेच. ती मोबाईलवर मसाल्याचे व्हिडिओ करून टाकायची, मिरची वाळवताना, देठं काढताना, भाजताना. पामबीच रोडच्या बाजूच्या टॉवरमधून तिला ऑर्डर यायच्या. माझा मुलगा कंत्राटावर आहे. आज कंपनी बोलावते, उद्या नाही. होळी झाली की पावसाच्या आधीपर्यंत सून जेवढा मसाला विकते त्यावर आमचं घर वर्षभर उभं राहतं. ऑर्डर आल्या की मिरची घ्यायची, वाळवायची आणि मग डंखाला न्यायची. त्या यंत्रातली लोखंडी मुसळं वरखाली नाचतात आणि मसाला कुटून देतात. पण सीझनला डंखवाल्याकडे नंबर लावावा लागतो, आणि नंबर चुकला तर पावसाळाच उजाडतो.

या वर्षी तिने नंबर लावला, गच्चीवर मिरची पसरली, आणि दगडफूल निवडतानाचा एक व्हिडिओ टाकला. दगडफूल कसं असतं ते ज्याने बघितलंय त्याला माहीत आहे. काळंकरडं, चुरगळलेलं, झाडावरची किंवा दगडावरची पापडी निघावी तसं. वास मात्र असा की डबा उघडला की कळतं.

दोन दिवसांनी तिला एका गिऱ्हाइकाने एक व्हिडिओ पाठवला. व्हिडिओ हिचाच, हात हिचे, बांगड्या हिच्या. आवाज दुसऱ्याचा. पुरुषाचा. “बघा मित्रांनो, भिंतीवरचं शेवाळ खरवडतात, वाळवतात आणि घरगुती मसाला म्हणून तुम्हाला विकतात.” आणि शेवटी म्हणतो, “कुणाच्या हातचं खाताय, ते एकदा बघून घ्या.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या आईला तो समजला होता, मला समजला आणि आता सुनेला समजला. व्हिडिओ टाकणाऱ्याचं नाव नव्हतं. नावाच्या जागी कसलंसं ‘जागते रहो’ आणि फोटोच्या जागी उगवता सूर्य.

सुनेने तो व्हिडिओ आपल्या पक्षाच्या ग्रुपवर टाकला. ती शाखेच्या महिला आघाडीची प्रमुख आहे, म्हणजे आघाडीत ती आहे आणि मी आहे. तिने खाली लिहिलं, “हे बघा माझ्याविरुद्ध काय चाललंय. काय करायचं ते सांगा.” मी त्या वेळी खाटेवर होते. टिंग झालं, मी ‘पाठवलं’ लिहिलं आणि मग व्हिडिओ ऐकला. तोपर्यंत खाली रांग लागली होती. पाठवलं. पाठवलं. पाठवलं.

सून चिडली. “बघितलंत का आत्या? सगळे तुमच्यासारखेच. वाचत पण नाहीत, नुसतं लिहून मोकळे.”

“मग काय, खरंच पाठवतात वाटलं तुला?” मी म्हटलं. “अगं, तेवढा वेळ कुणाला आहे?”

आम्ही दोघींनी त्यावर विश्वास ठेवला आणि तो विषय सोडला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. टॉवरमधली माणसं नाही म्हणताना फार गोड बोलतात. “ताई, या वर्षी आमच्या गावाहूनच येतोय मसाला.” “ताई, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, सगळ्यांचंच.” अख्ख्या घराचं तिखट बंद करणारा डॉक्टर मला तरी अजून भेटला नाही. सून दर फोनला “बरं, हरकत नाही” म्हणायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतली, तपास चालू आहे म्हणाले. तो चालू आहे.

गच्चीवरची मिरची वाळून कुरकुरीत झाली. डंखाचा नंबर जवळ आला. कुटायचं तर कुणासाठी, हे कळेना.

नेमकं तेव्हाच पक्षाच्या मुख्य कार्यालयाकडून निरोप आला. सरकार नवीन नियम आणतंय. मोबाईलवर कोणी काही टाकलं आणि सरकारला ते चुकीचं वाटलं, तर सरकारने सांगायचं आणि कंपनीने ते ताबडतोब काढायचं. पक्षाचा याला विरोध आहे. प्रत्येक शाखेने रविवारपर्यंत ठराव करून पाठवावा. ठराव तयारच होता. शाखेने फक्त खाली सह्या करायच्या होत्या.

रविवारी सकाळी बैठक भरली. अध्यक्ष, रिक्षावाला, आमची सचिव आणि आणखी चार-पाच जण. सचिव म्हणजे वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. ती मला आजी म्हणते आणि माझ्या समोरच सगळ्यांना गप्प बसवते, म्हणून मला आवडते. तिने ठराव वाचला. त्यातला एकेक शब्द खाटेपासून दारापर्यंत लांब होता.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे सरकारने आपल्या मोबाईलमध्ये हात घालू नये, आजी.”

“मग तेवढंच लिहा की.”

अध्यक्षांनी पेन काढलं. “चला, ताई, महिला आघाडीची सही आधी.”

सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, “मी सही करणार नाही.”

“का हो?”

“मला सरकारचा हात पाहिजे. तो व्हिडिओ उद्या सकाळी काढतो म्हणणारं कोणीही असू दे, मी त्याच्या बाजूने.”

अध्यक्ष समजुतीच्या सुरात आले. “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण मोठा विचार करा. मागे आपण नळाच्या गढूळ पाण्याचा व्हिडिओ टाकला होता. कुणीतरी तक्रार केली आणि आपलं मोबाईलवरचं पान किती दिवस बंद पडलं. हा नियम आला तर आपल्याला कायमचंच गप्प करतील. आपल्याकडे दुसरं आहे काय?”

“तुमचं पान बंद पडलं तर तुमचा एक दिवस भाषणाचा जातो,” सून म्हणाली. “माझं वर्ष चाललंय.”

मी मध्ये बोलले. सुनेच्या बाजूने बोलायला हवं होतं, पण जे वाटतं ते बोलते. म्हटलं, “अगं, अतिक्रमणाची गाडी बघतेस ना? स्टेशनबाहेर येते तेव्हा कुणाची टोपली उचलते? कोथिंबीरवालीची. फूटपाथवर आलेल्या शोरूमच्या पायऱ्या तिला कधी दिसल्या नाहीत. हा नियम म्हणजे तीच गाडी. आधी तुझीच टोपली उचलेल.”

“उचलू दे आत्या. पण निदान गाडी येते तरी. तिच्यामागे पळता येतं, ड्रायव्हरला चार शिव्या घालता येतात. इथे मी पळू कुणाच्या मागे? त्या उगवत्या सूर्याच्या?”

रिक्षावाला हसला आणि मग हसू आवरलं.

सचिव म्हणाली, “वहिनी, एक विचारू? त्या माणसाने उलटं केलं असतं तर? तुमच्याच पानाची तक्रार केली असती, की ही बाई भेसळ करते, हिला बंद करा. आणि सरकारने न विचारता तुमचं पान काढलं असतं तर?”

सुनेने ऐकलं आणि ट्रे खाली ठेवला. ती हट्टी आहे, पण समोरच्याचं म्हणणं कानात शिरू देते. माझ्या मुलात ते नाही.

अध्यक्षांना वाटलं, जमलं. ते पुढे सरकून म्हणाले, “आणि ताई, तो व्हिडिओ बघून बघून किती जणांनी बघितला असेल? शे-दोनशे. दुर्लक्ष करा, विरून जाईल.”

“शे-दोनशे?” मी म्हटलं. “माझ्या बहिणीने कळव्यात बघितला. काल फोन करून रडत होती.”

“कळव्यात? तिला कोणी पाठवला?”

“तिच्या जावयाने.”

“हा जावई कोण?”

“कोण म्हणजे? तुमचाच माणूस. पक्षाच्या कळवा शाखेत आहे.”

सचिवने मोबाईल काढला, अंगठ्याने वर वर सरकवत गेली आणि थांबली. “काका,” ती अध्यक्षांना म्हणाली, “वहिनींनी हा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. खाली सगळ्यांनी ‘पाठवलं’ लिहिलंय.”

“हो, म्हणजे नियमच आहे,” अध्यक्ष म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

रिक्षावाला म्हणाला, “मी तर स्टँडच्या तिन्ही ग्रुपवर टाकला. वाटलं, ताईंचा नवीन व्हिडिओ आहे, मसाल्याचा. जाहिरात होईल.” त्याच्या शेजारच्याने आपल्या भजनी मंडळावर टाकला होता. एकाने मुलीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. अध्यक्षांनी स्वतः आपल्या सोसायटीवर, ज्येष्ठ नागरिक संघावर आणि सकाळच्या फिरायच्या मंडळावर. पामबीचचे सगळे टॉवर त्या फिरायच्या मंडळात येतात. उगवत्या सूर्याला जे जमलं नसतं ते आमच्या पक्षाने शिस्तीत करून दाखवलं होतं. इतकं यश आम्हाला कुठल्या प्रचारात मिळालं नव्हतं.

मला हसू आलं. खरं सांगते, मी मोठ्याने हसले. सून हसली नाही.

अध्यक्षांनी केविलवाण्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. “मावशी, तुम्ही कुठे कुठे पाठवला?”

“मी? मी कधीच काही पाठवत नाही. नुसतं लिहिते.”

“कधीच नाही?”

“पहिल्या दिवसापासून नाही.”

व्हिडिओचं कळल्यावर दुखावले नव्हते इतके ते या उत्तराने दुखावले.

सून आत गेली आणि ताटलीत दगडफूल घेऊन आली. टेबल नव्हतंच. खाली फरशीवर, सगळ्यांच्या मध्ये ताटली ठेवली. म्हणाली, “हे तुमच्या प्रत्येकाच्या घरात डब्यात आहे. बायकांना विचारा. आणि सरकारचं नंतर बघू. आधी तुम्ही जिथे जिथे ढकललंत तिथून काढा.”

“वहिनी, आता ते निघत नाही हो,” सचिव म्हणाली. “पुढे गेलेलं पुढे गेलं.”

“मग तोंडाने सांगा. दारात उभं राहून. पाठवताना मोबाईल होता, आता पाय वापरा.”

“आणि ठराव?” अध्यक्षांनी बारीक आवाजात विचारलं.

“लिहा,” सून म्हणाली. “सरकारने हात घालू नये, हे राहू दे. आत्यांचं अतिक्रमणाच्या गाडीचं पटलं मला. पण ज्याची बदनामी झाली त्याने कोर्टात जावं आणि कोर्टाने महिनाभरात सांगावं, खरं की खोटं, काढायचं की ठेवायचं. आणि खाली शेवटची ओळ लिहा. या पक्षाचा माणूस स्वतः बघितल्याशिवाय काहीही पुढे ढकलणार नाही. ती ओळ असेल तर माझी सही. नसेल तर महिला आघाडी आत्यांना चालवू दे.”

मला आघाडी चालवायची नव्हती. मी म्हटलं, “लिहा हो ओळ, बघता काय.”

त्या आठवड्यात शाखेने जेवढी घरं पायाखाली घातली तेवढी निवडणुकीतही घातली नव्हती. रिक्षावाला प्रत्येक पॅसेंजरला सांगायचा. ज्यांनी व्हिडिओ बघितलाच नव्हता त्यांनाही सांगायचा, त्यामुळे थोडं नुकसानही झालं. अध्यक्ष खिशात दगडफुलाची पुडी घेऊन आपल्या सोसायटीत दारोदार गेले. एका घरातल्या नव्या सुनेने विचारलं, “काका, हे खाल्लं तर काही होत नाही ना?” त्यांनी तिच्या समोर चिमूटभर कच्चंच तोंडात टाकलं आणि चावलं. कच्चं दगडफूल खायचं नसतं, मातकट लागतं. पण माणूस नियमाचा, त्याने गिळलं. त्या घरातून ऑर्डर आली.

काही घरांतून आल्या. काही ठिकाणी दार उघडून, “हो हो, आम्हाला माहीतच होतं, लोक काहीही पाठवतात,” असं म्हणून दार लावलं, आणि ऑर्डर आली नाही. शेवाळाचं खोटं दारात उभं राहून खोडता येतं. ते शेवटचं वाक्य खोडायला आमच्याकडे पुडीत काही नव्हतं, कारण ते ऐकणाऱ्याच्या घरात आधीपासून होतं. सुनेला हे कळलं. ती त्या घरांबद्दल पुन्हा बोलली नाही. मीही नाही.

डंखाच्या दिवशी सकाळी ती मसाला भाजायला बसली असताना मुख्य कार्यालयातून फोन आला. हात तेलाचे, म्हणून तिने मला मोबाईल धरायला लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस फार नम्र होता.

“ताई, तुमच्या शाखेचा ठराव जरा वेगळा आलाय. बाकी सगळ्या शाखांचा एकसारखा आहे. कोर्टाचं ठीक आहे, पण ती शेवटची ओळ आपल्याच कार्यकर्त्यांवर जाते. ती काढली तर...”

“काढा,” सून म्हणाली. कढईत झारा फिरतच होता. “माझं नाव पण काढा. आणि खाली लिहा, घणसोलीची महिला आघाडी पक्षाने स्वतःच बदनाम केली.”

“नाही नाही, ताई, तसं नाही...”

“धणे करपतायत. बोला लवकर.”

“बघतो,” तो म्हणाला.

त्याने बघितलं. पक्षाची भूमिका छापून आली तेव्हा वर जाड अक्षरांत सरकारला विरोध होता, मध्ये कोर्टाचं होतं आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, आमची ओळ. सरकारने ती वाचली की नाही, माहीत नाही. नियमाचं पुढे काय होतंय तेही अजून कळलेलं नाही. तो व्हिडिओ अजून आहे. टाकणारा कोण, तेही कळलं नाही. माझा दोघांवर संशय आहे. दोघेही रस्त्यात भेटले की नमस्कार करतात.

त्या दिवशी मी सुनेबरोबर डंखाला गेले. गेल्या वर्षी रिक्षाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, या वर्षी एकीतच भागलं, आणि माझ्या पायांशीही जागा उरली. आमचाच खजिनदार रिक्षा चालवत होता आणि भाडं घेणार नाही म्हणत होता. सुनेने ते त्याच्या खिशात कोंबलं. मसाला कुटून झाला, गरम पिशव्या बांधल्या, सगळ्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. निघताना सून डंखवाल्याकडे गेली आणि पुढच्या महिन्याचाही नंबर लावून आली.

“कुणासाठी?” मी विचारलं. “ऑर्डर तर संपल्या.”

“येतील.”

“आणि नाही आल्या तर?”

“तर तुमच्या माशाच्या कालवणात घाला.”

मी तिला एवढंच सांगितलं की मिरची मात्र आधी घेऊन ठेवू नकोस.